उपग्रह आणि कारभारीची छत्री

जानेफळ,
१२ जून २००६

चि. जाकीरला रामराव काकांचे अनेक आशीर्वाद.

तुझं 'आज इंटरनेटवर' मी रोज वाचतो. पेपर साडेअकराच्या एसटीनं येतो. बाराला मी वावरातून निघतो आणि तुझ्या अब्बांच्या गाद्यांच्या दुकानात कापसाच्या ढिगाला टेकून तुझं सदर मोठ्यानं वाचतो. फकीरभाई पिंजायचं मशीन बंद करून ऐकतात आणि वाचून संपलं की म्हणतात, "रामराव, फिरसे पढ बे. समझा नहीं." मग मी पुन्हा वाचतो. त्यावर चहा होतो, मग तिसऱ्यांदा. तू तीनशे शब्द लिहितोस, आम्हाला ते तीन वाजेपर्यंत पुरतात. तुझ्या अब्बांचं डोकं पूर्वी बरं चालायचं. आता एकदा ऐकून काही शिरत नाही, वयाचं असेल.

तू लिहिलंस की एक नवी ई-मेल फुकट आहे, पण आधीच्या कोणी बोलावल्याशिवाय मिळत नाही. तुझ्या त्या कंपनीनं आमच्याकडची एक पंगत पाहावी. बोलावलेले दोनशे आणि बसलेले साडेचारशे. त्यांना कसं अडवतात ते लिही. आणि तो ज्ञानकोश, ज्यात कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं, तो आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कधीचा चालू आहे.

आता कामाचं. तू लिहिलंस की उपग्रहानं काढलेले साऱ्या पृथ्वीचे फोटो कॉम्प्युटरवर दिसतात, घरसुद्धा दिसतं. मला माझ्या वावराचा फोटो पाहिजे. कशाला, ते सांगतो.

बीटी कापसाच्या खोक्यात मोठ्या पाकिटाबरोबर एक लहान पाकीट असतं, साध्या सरकीचं. ती वावराच्या कडेनं पाच ओळी लावायची, म्हणजे अळ्या तिकडे जातात, असं खोक्यावर छापलेलं आहे. सगळं गाव ते पाकीट ढोराला चारतं. मी एकटा लावतो, कारण छापलेलं आहे. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे माझ्या आणि कारभारीच्या वावराच्या मधल्या बांधावर, कडुनिंब होता. तो गेल्या मृगात वादळानं पडला. झाड होतं तोवर धुरा कुठं आहे हे कोणाला विचारावं लागलं नाही. झाड पडल्यावर कारभारी म्हणाला, "तुह्या अळ्या माह्या वावरात येऊन राह्यल्या," आणि माझ्या पाचातल्या दोन ओळी उपटल्या. वर म्हणाला, त्या त्याच्याच जमिनीत होत्या!

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तुला ठाऊक आहे, आमचा एक बैल त्याचा आणि एक माझा, तीच आमची जोडी. त्याचा चांद्या, माझा हरण्या. आता दोघांच्या दावणीला एकेकच बैल आहे आणि पेरणीला दोघंही दुसरा बैल मागत गावभर हिंडतो. लोक हसतात. पण मी माघार घेणार नाही. फोटोत धुरा दिसला की मी तो कारभारीच्या दारावर चिकटवणार आहे.

तुझा,
रामराव काका

पुणे,
२४ जून २००६

आदरणीय रामराव काकांना जाकीरचा सलाम.

तुमचं वावर सापडलं! आधी मेहकरचा रस्ता धरला, मग तलाव, मग शाळा. पुढे सगळी वावरं सारखीच दिसायला लागली. पण त्यांत एकाच वावराला साडीला असावा तसा काठ आहे. तुमच्या त्या पाच ओळी, काका, आभाळातूनही दिसतात. फोटो सोबत पाठवतो आहे. साहेब जेवायला गेले होते तेव्हा ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर छापला.

पण तुमचं काम होणार नाही. फोटोत कडुनिंब उभा आहे, म्हणजे तो वादळाच्या आधीचा. आणि धुरा नेमका त्या झाडाखाली गेला आहे. एकच गोष्ट ठळक दिसते, तुमच्या बोरीच्या झाडापासून कारभारी काकांच्या गोठ्यापर्यंत गेलेली पायवाट. लहानपणी हरण्याच्या आधीच्या बैलाच्या शेपटीला धरून मी त्याच वाटेनं जायचो.

कंपनी कधीतरी नवीन फोटो लावेल. कधी, ते त्यांनाच माहीत. लावला की बघून कळवतो.

आणखी एक. बैल वेगळे करू नका हो. माणसांचं ठीक आहे, ती पेपर वाचतात.

तुमचा,
जाकीर

जानेफळ,
१० जुलै २००६

चि. जाकीरला अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. दुकानात सगळ्यांनी पाहिला. तुझ्या अब्बांनी आधी स्वतःचं दुकान शोधलं, ते टिनपत्र्याचा एक ठिपका निघालं. त्यांना वाईट वाटलं. "इतने साल में इतनाइच?" म्हणाले.

फोटो जुना आहे हे समजलं. म्हणजे पुढचा निघणार. कधी निघणार हे कोणी सांगत नाही, म्हणजे कधीही निघू शकतो, आणि म्हणून तयारीत राहिलं पाहिजे, असं मी गावाला समजावून सांगितलं. तेव्हापासून गावात फार सुधारणा झाली. सरपंचानं छतावर चुन्यानं स्वतःचं नाव लिहिलं. जनकाबाईनं अंगणातला उकिरडा हलवला, पाच वर्षं ग्रामसेवक सांगून थकला होता. सकाळी तांब्या घेऊन उघड्यावर जाणारी मंडळी आता झाडाखाली बसतात, तिथं जागेवरून भांडणं होतात. कारभारीला हे त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं सांगितलं असणार. त्यानं परवा वर पाहिलं आणि टोपी सारखी केली. मी लांबून पाहिलं.

मी धुऱ्यावर चुन्याची फक्की मारली होती. दुसऱ्या दिवशी पावसानं धुतली. पुन्हा मारली, पुन्हा पाऊस. तो उपग्रह आमच्यावरून किती वाजता जातो तेवढं कळव. एसटीचं वेळापत्रक असतं, त्याचं का नसावं?

तुझा,
रामराव काका

पुणे,
१२ ऑक्टोबर २००६

आदरणीय काका,

आज सकाळी इथल्या पेपरात तुमचा फोटो पाहिला आणि हातातला चहा सांडला. वावरात उभे आहात, कपाळावर हात, डोळे आभाळाकडे. खाली लिहिलं आहे, 'आभाळाकडे डोळे लावलेला विदर्भातील हताश शेतकरी'. काका, काय झालं? बोंडं गळाली का? तब्येत ठीक आहे ना? अब्बांना फोन लावला तर ते म्हणाले, "रामराव? अच्छा है. अभी पढ रहा था." पण अब्बा मला काळजी लागू नये म्हणून नेहमीच असं बोलतात.

तुम्ही आणि रुख्मिणी काकू दिवाळीला इकडे या. एकटे वावरात बसू नका. मनात काही असेल तर मला लिहा, काहीही लिहा. मी इथं बसून कुठल्या कंपनीनं काय काढलं याच्या बातम्या लिहितो आणि माझ्याच गावात काय चाललंय ते मला दुसऱ्याच्या पेपरातून कळतं, याची फार लाज वाटली.

उत्तर लवकर पाठवा.

जाकीर

जानेफळ,
२० ऑक्टोबर २००६

चि. जाकीरला अनेक आशीर्वाद.

मी उपग्रह शोधत होतो.

तो फोटोवाला शहरातून आला होता. गाडी थांबवून म्हणाला, "बाबा, असेच उभे राहा." मला वाटलं, याला उपग्रहाचं काही ठाऊक असेल, म्हणून उभा राहिलो. बोंडं नेहमीपेक्षा कमी आहेत, भाव कोणी विचारू नये असा आहे, हे खरं. शेजारच्या गावांत वाईट घडतं आहे, तेही खरं, त्याची थट्टा मी करणार नाही. पण त्या दिवशी मी हताश नव्हतो. उन्हात डोळ्यांपुढे अंधारी येत होती एवढंच.

तो पेपर दुसरबीडला माझ्या बहिणीच्या हाती पडला. कलाबाई रडत एसटीतून उतरली, मला पाहिलं आणि मी जिवंत आहे म्हणून आणखी रडली. चार दिवस राहिली. रोज मला पुरणपोळी घालायची आणि विहिरीकडे गेलो तर मागे यायची. मलकापूरच्या मेहुण्यानं पत्र धाडलं, त्यात पहिल्या ओळीत धीर धरा आणि दुसऱ्या ओळीत बैल विकायचा असेल तर मला सांगा. तिकडे पुण्याला येणं जमायचं नाही, कापूस वेचणीला आला आहे. पण तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. दोनदा वाचलं, तुझ्या अब्बांनी सांगितलं नसतानाही.

हताश कोणी असेल तर तो कारभारी. त्याचं डोकं बिघडलं आहे. परवा मी दुकानातून परत येत होतो. टळटळीत ऊन, आभाळात ढगाचा कपटा नाही, आणि हा त्याच्या गोठ्यापाशी काळी छत्री उघडून उभा. बरं, छत्री स्वतःवर नाही, बैलावर! चांद्याच्या डोक्यावर छत्री आणि हा टकलावर ऊन घेतोय. रुख्मिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "असंन. तुमाले काय कराचं?" मी म्हटलं, "यानं धुरा सरकवला, म्हणून वरून दिसाले नको, त्याची तयारी चालू हाये." ती हसली. तिला यातलं समजत नाही.

म्हणून मी सरकारी मोजणीचा अर्ज देऊन टाकला. तारीख मिळाली आहे, १२ फेब्रुवारी. साखळी लागेल, दगड रोवले जातील, मग एकदाचा निकाल. फकीरभाई म्हणाले, "दगड लग गया तो निकलता नहीं, रामराव." मी म्हटलं, त्यासाठीच लावतात.

तुझं ते मैत्रीच्या साइटवरचं वाचलं. तिथं नाव दाखवतात आणि विचारतात, हा तुमचा मित्र आहे का, हो किंवा नाही. हे फार घाईचं काम आहे. बोलत नाही, पण दुसऱ्या कोणी त्याला नावं ठेवली तर ऐकून घेत नाही, अशा माणसासाठी तिसरा रकाना हवा. कंपनीला कळव.

तुझा,
रामराव काका

पुणे,
२१ जानेवारी २००७

आदरणीय काका,

आधी आनंदाची बातमी. नवीन फोटो लागला! कडुनिंबाच्या जागी नुसता बुंधा आहे आणि कापूस उभा आहे, म्हणजे फोटो याच हंगामाचा. सरपंचांचं नाव वाचता येत नाही, पांढरा डाग दिसतो. त्यांना सांगू नका. धुरा याही वेळी दिसत नाही, दोन्हीकडचा कापूस एकमेकांत मिसळला आहे.

पण फोटो बघून मला खरंच आनंद झाला. बोरीपासून कारभारी काकांच्या गोठ्यापर्यंतची पायवाट आहे तशी आहे, उलट आधीपेक्षा रुंद झाली आहे. जुन्या फोटोशेजारी ठेवून पाहिली. रोज बैल गेल्याशिवाय इतकी वाट पडत नाही. म्हणजे तुमचं दोघांचं जमलं! मला कळवलं का नाही? मग मोजणी रद्द केलीत ना?

माझी बातमी तेवढी चांगली नाही. ती व्हिडिओची साइट आठवते? दोन-चार पोरांनी काढली आणि दीड वर्षात एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली, मी तीन दिवस त्यावर लिहिलं. संपादक म्हणाले, "जाकीर, हे आपल्या जिल्ह्यात कोण वाचतं? त्या जागेत राशिभविष्य मोठं करू." फेब्रुवारीअखेर सदर बंद. खरं सांगतो, मलाही कधीकधी वाटतं की कोणासाठी लिहितो. तुम्ही आणि अब्बा, एवढेच माझे वाचक, आणि त्यातले अब्बा ऐकतात.

फोटो सोबत आहे.

जाकीर

जानेफळ,
८ फेब्रुवारी २००७

चि. जाकीरला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी काठी शोधली.

आमचं काही जमलेलं नव्हतं. मग माझ्या बोरीपर्यंत वाट पाडतो कोण? मी म्हटलं, कारभारी माझ्या विहिरीचं पाणी चोरतो, नाहीतर वेचलेला कापूस. बारा वाजता रुख्मिणीला सांगितलं, पेपर वाचायला चाललो. तलावापर्यंत गेलो, तिथून वाकून परत आलो आणि वेचून उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगामागं काठी घेऊन बसलो. बोरीखाली हरण्या बांधलेला होता. त्याच्यापुढं कडब्याची पेंडी सकाळपासून तशीच पडली होती.

सव्वाबाराला हरण्या उठून उभा राहिला. अजून कोणी दिसत नव्हतं, पण त्यानं कान टवकारले. मग पायवाटेवर ती काळी छत्री दिसली. छत्रीखाली चांद्या आणि बाजूला उन्हात कारभारी. माणूस वरून कोणालाही ओळखू येत नाही, पण कपाळावर पांढरा चांद असलेला बैल गावात एकच, असा त्यानं हिशोब केला असणार. त्यानं धुरा ओलांडला आणि चांद्याला हरण्याशेजारी उभं केलं. दोघा बैलांनी माना एकमेकांच्या मानेवर टाकल्या आणि मग एकाच पेंडीला तोंड लावलं.

रुख्मिणी वेचणी सोडून आली. तिनं पाण्याची बादली आणलेली होती, म्हणजे हे रोजचंच.

"वहिनी, उशीर झाला. छत्रीची काडी मोडली," कारभारी म्हणाला.

"होऊ द्या. ते तीन वाजेपर्यंत काई येत नाहीत."

"चांद्या तिकडं चाराले तोंडच लावत नाही. दीड वर्स झालं. काय करू? इथं आनलं की खाते." मग जरा थांबून म्हणाला, "पेपरातल्या फोटोत रामराव लय वाळलेला दिसला वो. जेवते की नाही?"

"जेवते. दोन जनाचं जेवते."

"त्याले मोजणी कराची हाय तर करू दे. मी काई आडवा येत नाही. पन दगड लागले की मंग हे कसं येईन?" आणि त्यानं चांद्याच्या पाठीवरून हात फिरवला.

जाकीर, मला उठून जायचं होतं. खरंच जायचं होतं. पण हातात काठी होती. काठी घेऊन पुढं जावं तर काय म्हणून जावं, आणि टाकून जावं तर मागं लपून बसलो होतो हे कसं सांगावं? म्हणून अडीच तास तिथंच बसलो. मुंग्या चढल्या. दोनदा शिंक आली, ती नाक दाबून जिरवली. पाय इतके बधिर झाले की कारभारी निघून गेल्यावरही मला लगेच उठता येईना. आणि तेवढा वेळ मी रडलो, हेही लिहून टाकतो, कारण तू लिहिलं होतंस की काहीही लिहा.

तीन वाजता मी गावाकडून आल्यासारखा वळसा घेऊन आलो. रुख्मिणी म्हणाली, "आज काय आलं जाकीरचं?" मी तर पेपर पाहिलाच नव्हता. म्हटलं, "एक नवी साइट निघाली. तिच्यावर कापूस आपोआप वेचला जाते." ती जवळ आली, माझ्या पाठीवरची पऱ्हाटीची वाळकी काडी काढली आणि माझ्याच हातावर ठेवली.

"काऊन सांगतलं नाही मले?" मी म्हटलं.

"सांगतलं असतं तर येऊ देलं असतं काय तुमी त्याले?"

नसतं येऊ दिलं. मी तेही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तुझं सदर वाचलं. फकीरभाई म्हणाले, "फिरसे पढ बे. समझा नहीं." मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाला सबंध जानेफळातल्या गाद्यांची मापं तोंडपाठ आहेत, त्याला तीनशे शब्द तीनदा ऐकल्याशिवाय समजत नाहीत, हे मी आठ महिने कसं मानलं? ते खाली मान घालून कापूस पिंजत होते. मशीन तर बंद होतं. हातानं पिंजत होते. मी पेपर पुन्हा उलगडला. पुन्हा वाचलं.

परवा मेहकरला जाऊन मोजणीचा अर्ज मागं घेतला. साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं, उपग्रहानं मोजणी केली, धुरा नाही निघाला. त्यांनी 'अर्जदारास गरज नाही' असं लिहून घेतलं.

कारभारीशी बोललात का, असं तू विचारशील. नाही. अजून दोघांच्याही तोंडातून शब्द फुटत नाही. पण सोमवारी मी माझी छत्री बोरीच्या फांदीला अडकवून विसरून आलो. मुद्दामच विसरलो. मोठी आहे, लाकडी दांड्याची, बैल आणि माणूस दोघंही मावतात. संध्याकाळी पाहिलं तर छत्री फांदीलाच होती, पण मी मूठ वर करून अडकवली होती ती खाली मूठ करून टांगलेली, आणि कारभारीच्या टोपीचा काळा दोरा तिच्या तारेत अडकलेला, म्हणजे वापरून परत ठेवली होती. काल त्यानं माझ्या उरलेल्या कडब्याची गंजी रचून ठेवली. आज मी त्याच्यासाठी बोरीखाली दगडाची बैठक केली.

म्हणून आता सगळं तुझ्यावर आहे. सोबत संपादकांच्या नावानं अर्ज आहे. एक्केचाळीस सह्या आणि सात अंगठे. सगळ्यांनी लिहिलं आहे की 'आज इंटरनेटवर' वाचल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही. त्यातल्या निम्म्यांना इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण चांद्या जेवत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिली सही रुख्मिणीची आहे. शेवटची, जरा बाजूला, कारभारीची. ती त्यानं माझ्या पाठीमागं येऊन केली.

राशिभविष्य पाहिजे तिथं छापू दे. तुझं सदर बंद झालं तर मी बारा वाजता कुठल्या निमित्तानं वावरातून निघू? कंपन्या विकत घे, विकून टाक, नव्या साइटा काढ, नसतील निघाल्या तर मनानं लिही. पण आता तुझे अब्बा आणि मी, दोघांनाही सगळं एका वाचण्यात समजतं, हे एकमेकांपासून लपत नाही. तेव्हा तीनशे शब्दांनी भागायचं नाही, जरा लांब लिहीत जा. तीन वाजेपर्यंत पुरलं पाहिजे.

तुझा,
रामराव काका